उंबऱ्यापर्यंत वाजलेला बास

दूध उतू जायच्या बेतात होतं आणि फोन वाजला. इस्माईलभाई होते, अण्णाच्या बँडमधले क्लॅरनेटवाले. "बाई, मास्तर उठ रहे नहीं," एवढंच म्हणाले. मी गॅस बंद केला की नाही ते आजही आठवत नाही. दोन गल्ल्या सोडून अण्णाचं घर. मी पोचले तेव्हा डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच गेला होता माझा भाऊ. उजवा हात छातीवर, चेहऱ्यावर जरासा वैताग, बँडमध्ये कुणी ताल चुकला की असायचा तसा. वहिनी जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, त्यामुळे येणारा प्रत्येक जण माझ्याकडेच बघत होता. कुणाकुणाला कळवायचं, हार कुठून आणायचे, किती वाजता निघायचं... मी पटापट सांगत होते. तेहेतीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, उत्तर द्यायला मला वेळ लागत नाही.

अकराच्या सुमाराला बँड आला. सतरा-अठरा माणसं, पूर्ण गणवेशात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, टोपीला तुरा. गल्लीत रांग करून उभी राहिली. वाद्याला कुणी तोंड लावलेलं नव्हतं. इस्माईलभाई पुढे आले, टोपी काढून काखेत धरली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई... बजाना क्या?" मी दाराची चौकट धरली. हा प्रश्न मला आयुष्यात दुसऱ्यांदा विचारला जात होता. पहिल्यांदा विचारला होता खुद्द अण्णानं, माझ्या लग्नाआधी, आणि तेव्हा मी 'नको' म्हणाले होते. ती सगळी माणसं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती आणि मी तशीच दारात... त्या दोन-चार मिनिटांत जे काही डोक्यातून गेलं, ते आता महिना उलटल्यावर लिहायला बसले आहे.

अण्णाचं नाव दत्तात्रय, पण सोलापुरात तो दत्ता मास्तर. आमचे वडील मंद्रूपचे. शेती अगदीच बेताची, म्हणून बँडमध्ये शिरले आणि शहरात येऊन राहिले. बँडमध्ये कुणी काय वाजवायचं हे त्या काळी अंगकाठीवर ठरायचं. सडपातळ असेल त्याला क्लॅरनेट, छाती भरदार असेल त्याला ट्रम्पेट, आणि ज्याला जेवताना पाहून आईच्या पोटात गोळा येतो त्याला बास. बास म्हणजे खांद्यावरून अंगात घालायचा, डोक्याच्या वर परातीएवढं तोंड असलेला पितळी बाजा. अण्णानं तो तरुणपणी अंगात घातला तो कायमचा. खरं सांगायचं तर बासवाल्याकडे कुणी बघत नाही. बायका क्लॅरनेटवाल्याकडे बघतात, नाचणारे ढोलवाल्याकडे. बासवाला आपला मागच्या रांगेत भों... भों... करत चालतो आणि तो थांबला तरच लोकांना कळतं की इतका वेळ कुणीतरी वाजवत होतं. पुढे अण्णा बँडचा मास्तर झाला तरी जागा सोडली नाही. इतर बँडांचे मास्तर पुढे काठी फिरवत चालतात, हा मागूनच बँड हाकायचा. विचारलं तर म्हणायचा, "म्होरं चालनाऱ्याला काय दिसतंय? मागनं समदं दिसतं की."

त्याचे नियम दोनच होते, पण ते मोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गणवेश परत करावा लागे. पहिला नियम, वाटेत दवाखाना लागला किंवा शाळेत परीक्षा चालू असली तर सगळे बाजे खाली, आणि साईड ड्रमवाल्यानं चामड्यावर न मारता नुसत्या कडेवर काठी टेकवत ताल धरायचा. टिक-टिक, टिक-टिक... पावलं चुकू द्यायची नाहीत, आवाज होऊ द्यायचा नाही. दुसरा नियम जास्त कडक. ज्याची मिरवणूक आहे त्याचे दोन्ही पाय उंबऱ्याच्या आत पडेपर्यंत बास थांबता कामा नये. बाकीच्यांनी दम खाल्ला तरी चालेल, ढोलवाला पाणी प्यायला तरी चालेल, पण बास नाही. "मानसाला घरातनं काडलंय आपन वाजवत, तर आत न्यायचं बी वाजवत. मदी सोडायचं न्हाय," हे त्याचं म्हणणं. यजमान 'बास करा आता, जेवायला चला' म्हणाले तरी तो मान हलवायचा आणि वाजवत राहायचा.

पहिल्या नियमाची साक्षीदार मी स्वतः आहे. शाळेत वार्षिक परीक्षा चालू होती, भूमितीचा पेपर. वर्गात पंख्याचा तेवढा आवाज. आणि लांबून येणारा बँड एकदम थांबला. खिडकीखालून दहा-वीस पावलांची चाल आणि त्यावर टिक-टिक, टिक-टिक. मुलींनी मान वर केली नाही. त्यांना कळलंच नाही की खालून अख्खं लग्न चाललंय. मला कळलं. दुसऱ्या कुठल्या बँडला एवढी अक्कल नव्हती हे मला ठाऊक होतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तासानंतर शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, बँडवाल्यांना आज सुबुद्धी सुचली." मी चहाचा कप तोंडाला लावला. तो माझा भाऊ आहे हे काही मी बोलले नाही... असे गप्प बसण्याचे प्रसंग बरेच झाले, त्यातला हा एक.

कारण मी घरातली कॉलेजात गेलेली पहिली. सोलापुरातल्याच शाळेत नोकरी लागली, मोहोळचं स्थळ आलं. सासरे मुख्याध्यापक, घरात सगळे शिकलेले. त्यांनी बँडबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, हे मला आज स्पष्ट सांगायचं आहे. जे केलं ते मीच केलं. लग्नाला पंधरा दिवस असताना अण्णा चिंच आणि राख घेऊन बाजा घासत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "शकू, तुझ्या लग्नात मी सोता वाजवनार. समद्यास्नी सांगून ठेवलंय. वाजवू न्हवं?" मी म्हणाले, "नको. तू नुसता भाऊ म्हणून ये." त्याचा हात क्षणभर थांबला. मग "बरं" म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. अण्णा भांडला नाही. लग्नात नवाकोरा शर्ट घालून उभा होता आणि त्याला हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. कानपिळीच्या वेळी नवरदेवाचा कान मात्र जरा जास्तच पिळला, असं आमचे हे अखेरपर्यंत सांगायचे.

मोहोळला वरातीला तिथलाच कुठलासा बँड होता. अण्णा पाठराखा म्हणून माझ्याबरोबर आलेला. त्या बँडचा बास अर्धा ठोका मागे होता. मला ते कळण्याचं कारण म्हणजे माझ्या शेजारी अण्णाचा पाय बरोबर ठोक्यावर पडत होता आणि बास त्यानंतर येत होता. सासरच्या दारापासून वीस-पंचवीस पावलांवर स्वयंपाकाचा वास आला आणि बँडवाल्यांनी बाजे गुंडाळले. मी माप ओलांडलं ते अगदी शांततेत. सगळे हसत होते, कुणाला काही खटकलं नाही. परत निघताना अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तुला मदीच सोडलं की गं त्यांनी." त्यानंतर आयुष्यात हा विषय त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. मी शाळेत मुलींना सांगायची, चूक झाली की खोडायची नाही, एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. सांगणं सोपं होतं.

आता अमेरिका. माझी मुलगी माधुरी लग्नानंतर विस्कॉन्सिनला गेली. हे गेल्यावर तिनं मला बोलावलं, आणि मी एकटी यायला घाबरते म्हणून मामालाही बोलावलं. वहिनी नुकत्याच गेलेल्या, अण्णाचं जेवणात लक्ष नव्हतं, म्हणून तोही तयार झाला. त्याच्या शर्टाच्या खिशात नेहमी बासचा माउथपीस असायचा, म्हणजे ओठांना लावायचा तो छोटा पितळी पेला. दाराची किल्ली राहिली तर चालेल, हा राहता कामा नये. विमानतळावर तपासणीवाल्यानं तो उलटासुलटा करून पाहिला आणि हे काय म्हणून विचारलं. अण्णानं सरळ ओठांना लावून भर रांगेत मोठ्या भुंग्यासारखा आवाज काढून दाखवला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो तपासणीवाला हसला आणि पुढे जा म्हणाला.

तिकडे पहिले पंधरा दिवस अण्णा खिडकीत बसून होता. "हितं रस्त्यावर मानूसच न्हाय. कुनाचं लगीन हाय का मयत, कळायचं कसं?" असं विचारायचा. मग ऑगस्ट संपता संपता माधुरी म्हणाली की शेजारच्या गावात तीन दिवसांचा उत्सव आहे. तिथल्या लोकांचे पणजोबा-खापरपणजोबा जर्मनीहून आलेले, त्यांचा. तिथे पोल्का नावाच्या नाचाला बाजा असतो. अण्णानं 'बाजा' एवढंच ऐकलं आणि चपला घातल्या. चर्चच्या मागच्या मैदानात मोठा मांडव घातलेला, आत गवतावर लाकडी फळ्या टाकून नाचायला जागा केलेली. पुरुष गुडघ्यापर्यंतच्या चामडी चड्ड्या आणि पट्टे लावून, बायका घोळदार झग्यांवर पांढरे अॅप्रन बांधून. जिकडे तिकडे भाजलेल्या मांसाचा आणि बिअरचा वास. मी नाकाला पदर लावला. अण्णा मात्र टक लावून बँडकडे बघत होता. सहा माणसं, सगळी साठीच्या पुढची. मधोमध खुर्चीवर एक जाडगेल्या, गोऱ्यापान आजीबाई, मांडीवर अकॉर्डियन. ती रोझी, त्यांची मास्तर. टोप्यांना पिसं. "शकू, बग," अण्णा माझ्या कानाशी म्हणाला, "ह्यांच्या बी टोपीला तुरा हाय."

मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि माझा भाऊ जागच्या जागी उभा राहिला. दोन ठोक्यांची ती चाल. बास खाली एक टाकतो, बाकीचे वर एक टाकतात. भों-पॅ, भों-पॅ... म्हातारी-म्हातारी जोडपी गिरक्या घेत फळ्यांवरून पळत होती. अण्णाचा पाय हलायला लागला. "ही तर आपली नवरदेवाची चाल हाय की गं," तो म्हणाला, "निसती जरा पळती." त्यांचा बासवाला वॉल्टर, ऐंशीला टेकलेला. त्याचा बाजा अण्णाच्या बाजासारखाच, अंगात घालायचा. फरक एवढाच की तो खुर्चीत बसून वाजवत होता. "बसून वाजवत्यात!" अण्णाला ते काही केल्या पटेना. शुक्रवारी तो चार तास त्या बासच्या बाजूला उभा होता, शनिवारी सहा तास. रात्री जेवताना ताटावर बोटांनी त्याच चाली. रविवारी वॉल्टर दम खायला थांबला, तेव्हा अण्णानं खिशातून माउथपीस काढून त्याच्यापुढे धरला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. वॉल्टरनं तो पेला हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं. पन्नास वर्षांत झिजून ती कड एका बाजूला पातळ झाली होती. ते त्याला कळलं असणार. त्यानं आपला बाजा अंगातून काढला आणि खुर्चीवर थाप मारली.

हे रविवारचं सगळं मला माधुरीनं नंतर सांगितलं, कारण मी तिथे नव्हते. वासानं माझं डोकं उठलं होतं. मी बाहेर झाडाखाली बाकावर डबा उघडून बसले होते, धपाटे आणि शेंगाचटणी. शिवाय मनातून मी रुसले होते, का ते मलाच नीट सांगता येत नव्हतं. तीन दिवस लोक त्या बँडवाल्यांशी अदबीनं बोलत होते. गावचे डॉक्टर येऊन वॉल्टरचा हात हातात घेऊन गेले. एक बाई आपल्या सुनेला रोझीच्या पाया... म्हणजे त्यांच्या पद्धतीनं, गळ्यात पडायला घेऊन आली होती. बँडवाल्याची बहीण असणं ही तिथे मिरवायची गोष्ट होती. आणि मी तेहेतीस वर्षं चहाचा कप तोंडाला लावून बसले होते.

आत काय झालं ते असं. अण्णानं दोन चाली खुर्चीत बसून वाजवल्या, आणि चांगल्या वाजवल्या. रोझी मान मागे वळवून त्याच्याकडे बघत होती म्हणे. तिसरी सुरू करताना ढोलवाल्यानं काठ्यांनी एक लांब थरथर काढली आणि दोन ठोके दिले. तो त्यांचा नेहमीचा आरंभ. पण आमच्याकडे मिरवणूक चौकात थांबलेली असली की साईड ड्रमवाला नेमकी हीच खूण देतो, आणि तिचा अर्थ एकच, 'उचला, पुढे चला.' पन्नास वर्षांची सवय. अण्णा ताडकन उठला, बाजा अंगावर होताच, आणि वाजवत वाजवत मंचाच्या पायऱ्या उतरून चालायला लागला. ध्वनिक्षेपकाची वायर ताणली गेली, खांब आडवा झाला, ह्याला पत्ता नाही. आता बासच निघाला म्हटल्यावर बँडनं करायचं काय? रोझीनं एकदा इकडे-तिकडे पाहिलं, अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवले आणि हसत मागून निघाली. मग क्लॅरनेट, मग ट्रम्पेट. नाचणारी जोडपी हात न सोडता त्यांच्यामागे. ढोलवाला बिचारा ढोलाला जखडलेला, तो आत एकटाच बडवत राहिला.

मी डब्यातून मान वर केली तर समोरून मिरवणूक येत होती. पुढे माझा भाऊ, निळ्या चौकटीच्या शर्टात, डोक्यावर ती पितळी परात उन्हात चमकत. मागे चामडी चड्ड्या, झगे, काठ्या टेकणारे म्हातारे, चाकांच्या खुर्च्या ढकलणाऱ्या नर्सा. शंभरेक माणसं तरी असतील. मला वाटलं पुढे निघून जाईल. तो येऊन माझ्या बाकासमोर उभा राहिला. वाजवणं चालूच. मी म्हणाले, "अण्णा, अरे काय हे, लोक बघतायत." तोंड बाजाला, बोलणार कसा? त्यानं नुसती हनुवटी मांडवाकडे उडवली. आमच्या धंद्यात त्याचा अर्थ, 'तू पुढं हो.' मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मला सगळं कळलं. मोहोळच्या दारापासून वीस-पंचवीस पावलं... ती त्याच्या हिशेबात अजून शिल्लक होती. चाळीस वर्षं त्यानं ती मनात धरून ठेवली होती आणि मला एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

मी डबा बाकावर ठेवला, पदर सारखा केला आणि चालायला लागले. हात चटणीचे. पुढे मी, मागे बास, मागे सगळी जर्मन मंडळी. का चाललोय हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं आणि कुणाचं काही अडलंही नाही. मांडवाच्या तोंडाशी फळ्यांची कड होती, वीतभर उंच. तिथे कुणीतरी मक्याच्या लाह्यांचा कागदी डबा ठेवलेला. माझा पाय लागला आणि लाह्या फळ्यांवर सांडल्या. मागून बासमध्ये एक विचित्र आवाज आला, कारण अण्णा वाजवता वाजवता हसला होता. माझा दुसरा पाय आत पडला आणि बास थांबला. त्यानं बाजा तोंडापासून बाजूला केला, धापा टाकत माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हां. आता पोचलीस."

मांडवात टाळ्यांचा नुसता कडकडाट. रोझी काहीतरी म्हणाली, ते माधुरीनं मला सांगितलं. ती म्हणत होती, साठ वर्षं वाजवतेय, बाहेर बसलेल्यांना आत आणायचं आम्हाला कसं सुचलं नाही? संध्याकाळी घरी येताना मी अण्णाला विचारलं, मुद्दाम केलंस ना? तो म्हणाला, "चूक झाली गं. ढोलवाल्यानं उचला म्हटलं, मी उचललं." उठला तो चुकून, हे मी मान्य करते. पण त्या मैदानातून माझ्या बाकापर्यंत आला तो चुकून नव्हे. मला रडायला येत होतं. मला म्हणायचं होतं, अण्णा, तेव्हा मी 'वाजव' म्हणायला हवं होतं. तेवढी तीन अक्षरं... ओठांपर्यंत आली. मी त्याला पाणी दिलं.

नंतर अण्णा आणखी दोनदा तिकडे जाऊन त्यांच्यात वाजवून आला, रोझीनं खास बोलावलं म्हणून. त्यांनी दिलेल्या हिरव्या टोपीचं पीस काढून त्यानं आपल्या इथल्या टोपीला शिवलं. त्या चाली त्यानं आपल्या माणसांना शिकवल्या. इस्माईलभाईंनी क्लॅरनेटवर अशा काही उचलल्या की मंद्रूपच्या लग्नांत लोक 'ती अमेरिकेची लावा' म्हणून अडून बसायला लागले. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पूजेला कामगारांनी तिच्यावर तासभर नाच केला. गंमत अशी की आता पुष्कळांना वाटतं ती चाल अक्कलकोटकडची, जुनी. आणि माधुरी सांगते, तिकडे दर वर्षी उत्सवाच्या शेवटच्या दिवशी बासवाला उठून पुढे चालतो, बाहेर बसलेल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना वाजवत आत आणतो, आणि शेवटच्याचे पाय फळीवर पडेपर्यंत थांबत नाही. तिथल्या नव्या पोरांना वाटतं ही खापरपणजोबांनी जर्मनीहून आणलेली पद्धत आहे. अण्णाला हे सांगितलं तेव्हा तो खूप खूश झाला. म्हणाला, "वाटू दे की. आपलं नाव कशाला पायजे? बासवाल्याचं नाव कोन विचारतंय?" मी विचारते, अण्णा. म्हणून तर लिहिते आहे.

तर मी दारात उभी होते आणि इस्माईलभाई वाट बघत होते. मी म्हणाले, "वाजवा." त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं, वर्गात म्हणते तसं. "वाजवा. आणि ती अमेरिकेची वाजवा." इस्माईलभाई गोंधळले. "बाई, वो तो नाचनेकी है." मी म्हणाले, "माहितेय मला. त्यालाही माहीत होतं." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. अण्णाचा बास त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या सिद्धूनं घेतला. चाल तीच, फक्त पावलाला जमेल इतकी संथ. भों... पॅ. भों... पॅ. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाई, तुम्ही थांबा, आपण बायकांनी नाही जायचं. मी थांबले नाही. मोठ्या दवाखान्यापाशी एका दमात सगळे बाजे खाली आले आणि कडेवर काठी वाजायला लागली, टिक-टिक, टिक-टिक... कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्याच्या गच्चीवर एक माणूस दोरीवर चादर घालत होता, त्यानं वाकूनसुद्धा पाहिलं नाही. माझा ऊर भरून आला तो तिथे. स्मशानाच्या फाटकाशी बाकीच्यांनी वाद्यं उतरवली. सिद्धू मात्र डोळ्यांतून पाणी वाहत असताना वाजवत राहिला, अण्णाला खांदा दिलेला शेवटचा माणूस आत जाईपर्यंत.

अण्णाची खोली मी अजून आवरलेली नाही. बास बँडकडे राहिला, तो त्यांचाच. माउथपीस मी घेतला. तो माझ्या पर्समध्ये असतो. चष्मा काढायला हात घातला की आधी तो गार पेला बोटांना लागतो, झिजलेली कड अंगठ्याखाली येते. परवा रिक्षानं बँकेत निघाले होते, तर पुढे लग्नाची मिरवणूक. अण्णाचा बँड नव्हता, दुसराच कुठला. कार्यालयाचं दार दहा-पंधरा हातांवर, नवरदेव घोड्यावरून उतरून चाललेला आणि रस्ता गच्च. मागून हॉर्नचा गोंगाट. रिक्षावाला वैतागून म्हणाला, "मावशी, बोळातनं काडू का? ह्यांचं काय आटपत न्हाय लवकर." मी म्हणाले, "थांब की जरा. आत जाऊ दे त्याला." तो माझ्याकडे बघतच राहिला. मी पर्समध्ये हात घालून बसले होते. त्यांचा बास अर्धा ठोका मागे होता, पण वाजत होता. नवरदेवाचा एक पाय उंबऱ्याच्या आत गेला, मग दुसरा. बास थांबला. मी रिक्षावाल्याला म्हणाले, "हां. आता पोचला. चल."